कडेवरून खाली

मेढा, ता. जावळी, जि. सातारा
१५ जानेवारी

प्रिय सुमे,

तिळगूळ घे. आज किंक्रांत. आजच्या दिवशी नवं काही सुरू करू नये म्हणतात, म्हणून जुनं राहिलेलं काम उरकतेय. तुझा फोन आला तेव्हा मी बामणोलीच्या धक्क्यावर होते. तुमच्या कंपनीनं माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांना मदत करायचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात लाँच सुटली आणि तुझ्या "अगं, पण नेमकं द्यायचं काय?" एवढ्यावर रेंज गेली. पलीकडे उतरलं की दिवसभर फोन म्हणजे नुसतं घड्याळ. तुला वाटलं असेल, शैलानं टाळलं. टाळलं नाही, पण उत्तर तयार नव्हतं हेही खरं.

तुझी व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी नंतर वाचली. घसरगुंडी, स्मार्ट टीव्ही, दोन टॅब, भिंतीवर हत्तींची चित्रं. हत्तीला माझी हरकत नाही. पण आमच्या पलीकडच्या वाडीतल्या पोरांनी हत्ती पाहिलेला नाही, गवा मात्र नेहमीचा. आणि भिंत कुठली? अंगणवाडी भरते ती देवळाच्या सभामंडपात. पावसाळ्यात वीज गेली की चार-चार दिवस येत नाही. टीव्हीला देवाशेजारी बसवायचं आणि हळदीकुंकू वाहायचं, एवढाच उपयोग.

त्यापेक्षा तुला बारक्याची गोष्ट सांगते. खरं नाव लिहीत नाही. तुझी पत्रं घरभर वाचली जातात हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

ही वाडी म्हणजे कोयनेचं पाणी चढलं तेव्हा वर सरकलेली घरं. जुनी शेतं शिवसागर जलाशयाखाली गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की बांध उघडे पडतात आणि म्हातारी माणसं बोटानं दाखवतात, तिथं आमचं खळं होतं. बाप्ये मुंबईला, बहुतेक माथाडी. बारक्याचा बाप वाशीच्या मार्केटात आहे, आई त्याच्याजवळ राहून चार घरची धुणीभांडी करते. बारक्या आजीकडे. सहा वर्षांच्या आतली पोरं वाडीत सात. डोंगराळ भागात छोटी अंगणवाडी मिळायची तर नियमानं दीडशेच्या वर वस्ती हवी, इथं माणसं साठ. म्हणून सेविका ओढ्यापलीकडच्या मोठ्या वस्तीची, तीच इकडंही येते. जून ते सप्टेंबर ओढा कधी येऊ देतो, कधी नाही.

बारक्या सव्वाचार वर्षांचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजीच्या कडेवर होता. नंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हाही कडेवरच. पाणवठ्यावर, लग्नात, देवाच्या पालखीत, हिरडा गोळा करायला, सगळीकडे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मासिक सभेत मी म्हणालेही, "बघा, शहरात असली मुलं घरात कोंडतात, आमच्या वाडीत सगळ्यांत मिसळून आहेत." टाळ्याही मिळाल्या.

मागच्या सप्टेंबरात, पोषण महिन्याच्या धामधुमीत, मी तिथं रजिस्टर घेऊन बसले. वजनाच्या रकान्यात दर महिन्याला आकडा. काट्याच्या झोळीत घालून घेतलेला. उंचीचा रकाना कोरा. एखादा महिना नव्हे, अठरा महिने कोरा. शेरा होता, 'दिव्यांग असल्याने'. आणि खाली दर तिमाहीला तपासल्याची सही. सही माझी.

उंची नाही म्हणजे उंचीच्या मानानं वजन निघत नाही. ते निघालं नाही की पोरगं सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत, बसत नाही आणि मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांतही नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप त्याच्याबद्दल गप्प. वजन कमी आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण असल्या पोराचं वजन कमीच असायचं, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरून ठेवलेलं. तो उपाशी होता, सुमे. नुसत्या अपंगत्वामुळे माणूस एवढा हाडकुळा होत नाही, पोटात अन्न गेलं नाही की होतो. एवढं कळायला मला पर्यवेक्षिका म्हणून अकरा वर्षं लागली.

त्याच दिवशी त्याला सतरंजीवर झोपवून टेपनं मोजलं. दोन वर्षांवरच्या मुलाची अशी लांबी घेतली तर त्यातून ०.७ सेंटीमीटर वजा करायचे, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं. पाठ होतं. वापरलं कधी नव्हतं. त्याचे पाय आखडलेले, तेव्हा ते माप तरी कितपत खरं? मग दंडघेराची पट्टी लावली. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी लाल आली. सेविका माझ्याकडे बघत राहिली, मी पट्टीकडे.

मग आजीला म्हटलं, भरवून दाखवा. तिनं त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर आडवं घेतलं आणि पातळ पेज पाजायला लागली. दोन घोट गेले, तिसऱ्याला ठसका, चौथ्याला खोकला, मग रडणं. जेवण संपलं. हे रोज तीन वेळा, चार वर्षं. आणि आमच्या बाजूनं काय? सहा वर्षांच्या आतल्या मुलाला पूरक आहार देण्याची योजना, त्याच्या नावावर वेळेवर पोचलेली घरपोच आहाराची पाकिटं. पाकिटं घरापर्यंत आली, घशाखाली उतरली का ते कुणी पाहिलं नाही.

अंगणवाडीतल्या मुलांना तपासणारं आरोग्य पथक २०१३ पासून आहे, वर्षातून दोनदा येतं. पण पथकाची गाडी धक्क्यापर्यंत. पुढं पाणी. पोरांना आम्ही इकडे आणतो, आणि दोन्ही वेळा आजी आली नव्हती. "धा किलोचं प्वारगं आनि तासाची वाट, बाई." मी गप्प बसले. त्या वाटेनं मी रिकाम्या हातानं दोनदा टेकते.

साताऱ्याला न्यायचं म्हणजे सकाळची लाँच, बामणोलीहून कास पठारावरून गाडी, दवाखान्यातली रांग, आणि शेवटच्या लाँचच्या आत परत. चुकली तर धक्क्यावर कुणाच्या तरी ओसरीत रात्र. अशा तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी म्हणून सांगितलं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही. फिजिओथेरपीच्या मुलीनं आजीला अर्धा तास समोर बसवून शिकवलं: सरळ बसवायचं, मान किंचित पुढे, पातळ पेजेपेक्षा मऊ घट्ट घास, चमचा छोटा, घाई नाही. आणि एका कागदावर खुर्ची काढून दिली.

त्या खुर्चीला तुझ्या कंपनीच्या यादीत जागा नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन फळ्या काटकोनात, म्हणजे पाठ भिंतीच्या कोपऱ्यात टेकते तशी टेकते आणि खांदे पुढे येतात. बैठक जमिनीलगत. गुडघ्यांमध्ये एक गुळगुळीत खुंटी, पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून. पुढं काढता येणारी फळी, पोटापाशी अर्धगोल कापलेली. गावातल्या सुतारानं जुन्या दाराच्या फणसाच्या फळ्यांतून केली. मजुरी दोन दिवसांची घेतली आणि खुंटीला आपणहून चिंधी गुंडाळून दिली. अंगणात मेसाच्या दोन काठ्या आडव्या बांधल्या, धरून उभं राहायला. झालं एवढंच.

खरी अडचण पुढं. आजी त्याला खुर्चीत ठेवायला तयारच होईना. "पोराला खाली ठिवलं तर लोकं म्हनतील, म्हातारीला जड झालं." यावर काय बोलणार? तिच्या दृष्टीनं कडेवर घेणं हीच माया, आणि खाली ठेवणं म्हणजे टाकणं. मी ज्या मिसळण्याबद्दल टाळ्या घेतल्या, त्यात तो सगळीकडे होता, पण आजीच्या उंचीवरून. पोरांच्या उंचीवर कधीच नव्हता. कुणाच्या हातातलं खेळणं त्यानं ओढलं नव्हतं, कुणी त्याला ढकललं नव्हतं. एका बाईनं तर स्पष्ट सांगितलं, माझ्या पोरीला त्याच्याशेजारी बसवू नका, ती पण लाळ गाळायला लागंल. गाव सगळं प्रेमळ असतं असं मी लिहिलं तर तू माझं पत्र फाडून टाक.

तोडगा सेविकेनं काढला, मी नाही. तिनं खुर्ची आजीच्याच घरी नेऊन ठेवली आणि म्हणाली, फक्त जेवताना बसवा. आठवड्याभरात आजीच्या लक्षात आलं, ठसका कमी, ताटली रिकामी. मग एक दिवस तीच खुर्ची डोक्यावर घेऊन मंडपात आली, बारक्या दुसऱ्या कडेला. त्या दिवशी तो तासभर रडला. दुसऱ्या दिवशी अर्धा तास.

आणि मग पोरांनी आपलं आपण ठरवलं. त्यांचा लाडका खेळ लाँचचा. एकामागं एक बसायचं, कुणी तिकीट फाडायचं, कुणी बकरी घेऊन चढायचं. लाँचवाला कोण यावरून रोज भांडण, कारण त्याला शेवटपर्यंत जागेवरून हलायचं नाही आणि तेवढा दम कुणालाच नसतो. एका पाच वर्षांच्या पोरीनं निकाल दिला, "हा बसलाय की. हाच लाँचवाला." फळीवर करवंटी ठेवून सुकाणू केलं. आता बारक्या दोन्ही ओठ मिटून भुर्रर्र करतो, तेव्हाच लाँच सुटते. तो थांबला की सगळ्यांनी थांबायचं. दवाखान्यातल्या मुलीनं ओठांचा हाच व्यायाम दिवसातून दहा वेळा सांगितला होता आणि घरी तो एकदाही करत नव्हता. आता मोजायलाच नको. शेजारी बसू नको म्हणून बजावलेली ती पोरगी? तीच तिकीट फाडते.

एक गोष्ट अलीकडे मनात घोळते. आपण साताऱ्याची माणसं, वडाचं झाड बघत वाढलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, वडाचं झाड हे तिचंच बोधचिन्ह, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह, आणि डोंगरातली पोरं शाळेपर्यंत आणली. माझे वडील त्यातूनच शिकले. पण चार वर्षांच्या पोराला वसतिगृहात ठेवता येत नाही. तिथं उलटं चालावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, मग कोसबाडला. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरामागं जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा. १९७५ ला सरकारनं देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हेच नाव राहिलं. नाव राहिलं. अंगणापर्यंत जायचं मात्र आम्ही हळूहळू विसरलो, नकाशावर टाचणी टोचून मोकळे झालो.

कायद्याचं तू विचारलं होतंस ते थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आले, पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांना. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, ६ ते १४ ला. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हाच पाया म्हणतं, आणि सहाव्या वर्षाच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांवर वाढ होते ही स्लाइड मी इतक्या वेळा पाहिलीय की डोळे मिटून काढून दाखवेन. पण फिरते विशेष शिक्षक शिक्षण खात्याचे, अंगणवाडी महिला-बालविकासची, म्हणून नेमकी ती वर्षं दोन खात्यांच्या मधल्या पाण्यात. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली: लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढं पाठवा. चांगली आहे. पुढं पाठवायला लाँचचं भाडं कुणाचं, ते त्यात नाही.

तर सुमे, हे घे उत्तर. घसरगुंडी नको. पाण्यापलीकडच्या वाड्यांमधल्या ज्या मुलांना साताऱ्याला न्यावं लागतं, त्यांच्या वर्षभराच्या फेऱ्यांचं भाडं आणि सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी द्या. सुताराला आणखी चार खुर्च्यांची मजुरी द्या. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, रजिस्टरचे कोरे रकाने शोधल्यावर आणखी चार पोरं निघाली आहेत. आणि जमलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी वाडीतलीच एक बाई मानधनावर, ओढा भरला तरी पोरांना बसवून भरवील, खेळवील अशी. तुमच्या साहेबांना उद्घाटनाला रिबीन कापता येणार नाही, हे आधीच सांग. अहवालासाठी फोटो मागतील. खुर्चीचा देईन. पोराचा नाही.

बारक्याचा दंडघेर आता पिवळ्यात आला आहे. हिरवा नाही. मांडीला टेकू असेल तर काठी धरून उभा राहतो, मनात दहा मोजेपर्यंत. बोलत नाही. भुर्रर्र सोडून एक नवा आवाज काढतो, आजी म्हणते ती हाक आहे, सेविका म्हणते भूक. मी रजिस्टरमध्ये दोन्ही लिहिलंय.

तू ये. शनिवारी येऊ नकोस, पर्यटकांनी लाँच भरलेली असते. राजवाड्यावरून कंदी पेढे आण, सात पोरांना पुरतील एवढे. बारक्यासाठी ते दुधात कुस्करायचे. आजीला विचारलं, माझ्या मैत्रिणीकडून काय आणायला सांगू, तर ती म्हणाली, मशेरीची डबी. ती काही तू आणू नकोस, मी तिला सोडायला लावतेय. त्याऐवजी म्हातारीच्या पायात बसेल अशी रबरी चप्पल आण, सहा नंबर.

तुझी,
शैला