मागचा ब्रेक आधी, चकाचक फ्रेम मग

संपादक साहेब, नमस्कार.

फुटाळा तलावाच्या काठावर बाकांवरून सायकली उडवणाऱ्या पोट्ट्यांबद्दल तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं, त्यात ह्या सायकलींना ब्रेकच नसतात असं लिहिलंय. बाकांचं नुकसान होते ही तक्रार बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ब्रेकचं साफ चूक आहे साहेब, ब्रेक नसलेल्या फिक्सी (मागचं चाक पायडलला थेट जोडलेल्या सायकली) वेगळ्या आणि ट्रायल्सची सायकल वेगळी, हिचा तर सगळा खेळच मागच्या ब्रेकवर चालतो.

ट्रायल्स म्हणजे पाय खाली न टेकवता दगड, कठडे, ठोकळे पार करायचे. पोट्टा मागच्या एका चाकावर उभा राहून टुणटुण उड्या मारत असतो तेव्हा मागचा ब्रेक पूर्ण दाबलेला असतो, मग क्षणभर सोडायचा, अर्धं पायडल जोरात मारायचं, हवेत जायचं आणि टेकायच्या आत पुन्हा दाबायचा. इथे स्पीड कमी करायचा प्रश्नच नाही, चाक पुढेही नाही आणि मागेही नाही असं जागच्या जागी थिजलं पाहिजे. दोन बोटं सरकलं तरी पोट्टा पाठीवर. म्हणून शोरूममधल्या गिअरच्या सायकलीचा ब्रेक चांगला वाटला तरी इथे तो चालेलच असं नाही.

आता मायबाप विचारतात डिस्क घ्यायची, म्हणजे चाकाच्या मधली चकती धरणारा ब्रेक, की रिमवालं, म्हणजे चाकाची बाहेरची धातूची कड धरणारं. माझं मत रिमवालं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, जर्मनीच्या मागुराचं एचएस३३ म्हणतात ते. डिस्क दिसायला भारी आहे हो, पण हिशोब बघा, २६ इंची चाकात रिमची कड एक्सलपासून साधारण २७ सेंमीवर, आणि १६० मिमीच्या रोटरला, म्हणजे त्या चकतीला, पॅड धरतात ते जेमतेम ७ सेंमीवर, म्हणजे तेच चाक अडवायला डिस्कला पावणेचार पट जास्त धरावं लागते, शिवाय तो सगळा ताण हब आणि स्पोकमधून जातो आणि पॅड त्यांच्या कॅलिपरमध्ये (पॅड बसतात त्या खोक्यात) किंचित हलले तरी चाक टकटक मागेपुढे होते. २० इंचीत मागचं चाक १९ इंची असते म्हणून हा फरक कमी पडतो. आणि रिम वाकडी झाली तरी डिस्कला काही होत नाही, हे मान्य. पण आधी फ्रेम बघा, रिमच्या ब्रेकचे चार बोल्टचे माउंट मागे आहेत का, नुसते डिस्कचेच असतील तर वादच संपला, मग निदान १६० च्या खाली जाऊ नका आणि नव्या पॅडला आधी हळूहळू ब्रेक मारून बसू द्या.

आणि ब्रेक आहे पण धरत नाही म्हणून लगेच नवा घ्यायला धावू नका. आधी रिम नीट पुसा, पॅड रिमला एकदम समांतर बसवा, एक कोपरा आधी लागत असेल तर अर्धी ताकद तिथेच गेली. लिव्हर दाबला की फ्रेमच्या मागच्या दोन नळ्या बाहेर फाकताना दिसतात का बघा, फाकत असतील तर घोड्याच्या नालेच्या आकाराची बूस्टर पट्टी लावा, स्वस्तातला सगळ्यात मोठा फरक हाच. मग पॅड चांगल्या कंपनीचे. त्यानंतर रिमला ग्राइंडर मारून बारीक चरे पाडायचे, पकड जबरदस्त येते पण किंचाळते फार आणि पॅड झिजतात, चरे गुळगुळीत झाले की पुन्हा मारावे लागतात, प्रत्येक वेळी रिम पातळ होत जाते म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. काही जण गुळगुळीत रिमवर डांबराचा हात फिरवतात, आपल्याकडे मे महिन्यात डांबर काय रस्त्यावरच वितळलेलं मिळते म्हणा, पण पाऊस आला की ते कामातून गेलं, चऱ्यांची रिम ओल्यातही बऱ्यापैकी धरते.

उन्हाचं पण सांगतो. ह्या रिम ब्रेकला तेलाची वेगळी टाकी नसते, सिस्टम बंद असते, त्यामुळे सायकल ४५ डिग्रीत अंगणात तापत ठेवली की तेल फुगून पॅड रिमला घासायला लागतात, म्हणून सावलीत ठेवा. लिव्हर स्पंजसारखा लागला तर आत हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे सिरिंजने तेल भरून ती हवा बाहेर काढा. पण तेल मिनरलच पाहिजे, हे ठळक छापा साहेब. आपल्याकडे मोटरसायकलच्या दुकानात ब्रेक ऑइल मागितलं की डॉट ३ नाहीतर डॉट ४ हातात ठेवतात, ते ह्यात टाकलं की रबरी सील फुगतात आणि चांगला ब्रेक बाद होतो, एका पोट्ट्याचा तसा झालेला पाहिला आहे मी. उलट बऱ्याच डिस्क ब्रेकना डॉटच लागते, म्हणून झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडूच नका.

सीताबर्डी आणि इतवारीच्या सायकलवाल्यांना तुमच्या पेपरातून एवढंच सांगायचं आहे, मिनरल ऑइलची एखादी बाटली, ब्लीडची सिरिंज आणि पॅडचे दोनचार जोड दुकानात ठेवा राजेहो, गिऱ्हाईक आहे, काहून सगळं ऑनलाइन मागवायला लावता.

आपला,
एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर