वाइल्डर आधी लेखक, मग दिग्दर्शक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील विनोदी चित्रपटांवरच्या लेखात बिली वाइल्डर यांची ओळख ‘नटांकडून नेमके काम काढून घेणारे दिग्दर्शक’ एवढीच करून दिली आहे. हे खोटे नाही. पण ज्या माणसाने दिग्दर्शन हाती घेतले तेच मुळी आपले लिखाण इतरांच्या हातून वाचवण्यासाठी, त्याच्या बाबतीत ते फार अपुरे आहे.

१९०६ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले वाइल्डर व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये पत्रकारी करून पटकथेकडे वळले, १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच पॅरिसला निघून गेले आणि पुढच्याच वर्षी हॉलिवूडला पोहोचले, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. व्हिसासाठी त्यांना मेक्सिकोच्या सरहद्दीवर खोळंबावे लागले होते. पुढे चार्ल्स ब्रॅकेट यांच्यासोबत त्यांनी अशाच अडकून पडलेल्या एका निर्वासिताची पटकथा लिहिली. तीत हा कंटाळलेला माणूस हॉटेलच्या भिंतीवरचे झुरळ काठीने अडवतो आणि सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याच्या थाटात त्याच्याकडे कागदपत्रे मागतो, असा प्रसंग होता. नायक शार्ल ब्वाये यांनी झुरळाशी बोलण्यास नकार दिला आणि दिग्दर्शकाने प्रसंग गाळला. (झुरळ उत्तर देत नाही, ही नटाची तक्रार मला तरी प्रसंगाइतकीच विनोदी वाटते.) चिडलेल्या लेखकद्वयाने उरलेल्या पटकथेत ब्वाये यांच्या वाट्याचे संवाद कमी केले म्हणतात. तो चित्रपट १९४१ चा. १९४२ मध्ये वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला हॉलिवूडपट आला.

लेखकाच्या हाती कॅमेरा आला म्हणजे काय होते, हे ‘द अपार्टमेंट’मधल्या (१९६०) तडा गेलेल्या छोट्या आरशात दिसते. नायक आपले घर साहेबांना मैत्रिणीला भेटण्यासाठी वापरू देत असतो, आणि तिथे सापडलेला तो आरसा त्याने साहेबांना परत केलेला असतो. पुढे नव्या टोपीत आपण कसे दिसतो हे पाहण्यासाठी नायिका त्याला आपला आरसा देते, आणि तो तडा पाहून साहेबांची मैत्रीण कोण हे त्याला उमगते. कोणी कबुली देत नाही की चोरून ऐकत नाही. हा प्रसंग जॅक लेमन यांनी अप्रतिम केला आहे, यात वादच नाही. पण तो आधी कागदावर जुळून आलेला होता.

वाइल्डर यांचे सगळेच काम या तोडीचे नाही. सत्तरच्या दशकातील काही चित्रपट मला रेंगाळलेले वाटतात, आणि १९८१ चा अखेरचा चित्रपट न झाला असता तरी बिघडले नसते. मात्र त्या काळातही त्यांनी दुसऱ्याशी चर्चा करत, वाक्य वाक्य तपासत लिहिण्याची पद्धत सोडली नाही. हे दुसरे गृहस्थ म्हणजे रुमानियात जन्मलेले आय. ए. एल. डायमंड. इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा नव्हती. १९५७ ते १९८१ या काळात त्यांनी मिळून बारा चित्रपट लिहिले. ‘सम लाइक इट हॉट’चे ‘नोबडीज परफेक्ट’ (कोणीच परिपूर्ण नसते) हे गाजलेले शेवटचे वाक्य डायमंड यांनीच सुचवलेले, याहून चांगले सुचेपर्यंत असू दे, म्हणून ठेवले आणि तसेच राहिले, असे वाइल्डर सांगत. ‘द अपार्टमेंट’साठी त्यांना निर्माता, दिग्दर्शक आणि पटकथाकार अशी तीन ऑस्कर मिळाली, त्यांतले पटकथेचे डायमंड यांच्यासोबतचे होते.

आपल्या लेखात डायमंड यांचे नाव कोठेही आलेले नाही. लेखमालेच्या पुढच्या भागात ते यावे, एवढी विनंती.

आपला नियमित वाचक