गॅलरीतल्या कबुतरांविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा खोकला हवापालटामुळे असेल, असे बाबा फोनवर म्हणाले. परंतु आपल्या कोथरूडच्या गॅलरीत रोज पडणारी ज्वारी आणि रोज कोरड्या झाडूने निघणारी कबुतरांची विष्ठा बाजूला ठेवून त्या खोकल्याचा विचार करणे मला पटत नाही.

कबुतरांच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या भुकटीत असलेली प्रथिने वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे निर्माण होते. हा जंतुसंसर्ग नसल्याने प्रतिजैविकांनी बरा होत नाही, आणि निदानाला फार उशीर झाल्यास फुप्फुसांवर पडलेले व्रण कायमचे राहतात. सुरुवातीला कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम एवढेच दिसते, आणि ते वयाच्या नावावर सहज खपून जाते. म्हणून आई, छातीच्या डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरातल्या कबुतरांविषयी तू आपणहून सांग.

वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशीही वाढते. निरोगी माणसाला ती क्वचितच बाधते, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोहोचू शकते. बाबा, तुम्ही संधिवातासाठी स्टेरॉइड घेता, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. बर्ड फ्लूची मात्र मला तेवढी धास्ती नाही. २००६ मध्ये नवापूरला तो आला तो कोंबड्यांमध्ये. मेलेला कावळा दिसला तर हात न लावता महापालिकेला कळवावे, एवढे पुरे.

ज्वारी बंद करणे तुम्हाला जड जाईल, हे मी जाणते. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हा तुम्ही माझ्याशी तासभर भांडला होतात, आणि तो वाद मी अजून सोडलेला नाही! मूळचे कडेकपारीत राहणारे हे पक्षी आपल्या छज्ज्यांना कपारीच समजतात. आपला दाणा बंद झाला, तर ते पोटासाठी दुसरीकडे जातील.

शनिवारी जाळीवाला येईल. त्याआधी विष्ठा पाण्याने भिजवून, एन-९५ मास्क लावून, कामगाराकडून खरवडून घ्या आणि तेवढा वेळ दोघेही शेजारी काकूंकडे बसा. एसीमागच्या घरट्यात अंडी किंवा पिल्ले असल्यास ती उडून जाईपर्यंत थांबावे लागेल; तसे असेल तर मला लगेच कळवा, म्हणजे मी त्याला पुढची तारीख देईन.

तुमची,
मनू