एफआरपी वाढली, पण किती उताऱ्याला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचाच असा केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर, जाहीर झाली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : 'टनाला एवढ्या रुपयांची वाढ'. मी एका सहकारी साखर कारखान्यात ऊस बिलाच्या टेबलावरूनच निवृत्त झालो, त्यामुळे असा मथळा दिसला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. आकडा खोटा नसतो. तो किती उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तर तो दर, तेवढंच गाळलेलं असतं.

२०१८-१९ चा हंगाम घ्या. आदल्या हंगामात एफआरपी टनाला २,५५० रुपये होती, ती २,७५० झाली. दोनशेची वाढ, म्हणजे जवळपास आठ टक्के. पण २,५५० हा दर साडेनऊ टक्के उताऱ्याचा होता आणि २,७५० हा दहा टक्क्यांचा. मधल्या मधे पायाच, म्हणजे जाहीर दर ज्या उताऱ्याला लागू तो आकडाच, अर्धा टक्का वर सरकवलेला. पायाच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला आधी २६ रुपये ८० पैसे मिळायचे, नंतर २७ रुपये ५० पैसे. आता आपल्याकडचा बारा टक्के उताऱ्याचा ऊस धरा. जुन्या हिशेबाने २,५५० अधिक ६७०, म्हणजे ३,२२० रुपये. नव्या हिशेबाने २,७५० अधिक ५५०, म्हणजे ३,३००. त्याच उसाला प्रत्यक्षात वाढ किती? ऐंशी रुपये. आठ टक्के कुठले, अडीचसुद्धा पुरते नाहीत.

२०२२-२३ ला पुन्हा तोच प्रकार. २,९०० चे ३,०५० झाले, मथळ्यात दीडशे रुपये आले. पाया मात्र दहावरून सव्वादहा झाला होता. बारा टक्क्यांच्या उसाला पडले १०३ रुपये ७५ पैसे. उलटंही होतं, ते सांगितलं नाही तर मीही तीच लबाडी केल्यासारखं होईल. २०२५-२६ साठी एफआरपी ३,४०० वरून ३,५५० झाली तेव्हा पाया हलला नव्हता आणि पायाच्या वरच्या ०.१ टक्क्याचा दर मात्र वाढला होता, त्यामुळे बारा टक्क्यांच्या उसाला दीडशेपेक्षा जास्त, १७४ रुपये ५० पैसे वाढ बसते. म्हणजे मथळ्यातला आकडा कधी फुगलेला असतो, कधी आखडलेला. (उतारा कुठल्या हंगामाचा धरायचा हा वाद वेगळाच, त्यात आज शिरत नाही. तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय पडतं, तेही वेगळं.)

गंमत म्हणजे हेच शेतकरी सकाळी दूध संस्थेत फसत नाहीत. गाईच्या दुधाला लिटरला अमुक दर म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "किती फॅटला?" साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) तो दर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तोच माणूस तासाभराने चहाच्या गाड्यावर पेपर उघडतो आणि म्हणतो, "दोनशेनं वाढली की एफआरपी!" तिथं कुणी विचारत नाही, "किती उताऱ्याला?" दुधाचा हिशेब दहा दिवसांनी हातात पडतो, उसाचा वर्षातून एकदा, म्हणून असेल कदाचित.

तीच गत जिल्ह्याच्या सरासरी पावसाची. 'कोल्हापूर जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस' हे वाक्य पावसाळाभर छापून येतं. आपल्या जिल्ह्यात गगनबावडा आहे, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शिरोळही आहे, जिथं पाच-सहाशेवर समाधान मानावं लागतं. या दोन टोकांची सरासरी काढून आलेला पाऊस ना गगनबावड्याच्या माणसाने कधी पाहिला, ना शिरोळच्या. शिवाय नृसिंहवाडी, कुरुंदवाडला पूर येतो तो तिथल्या पावसाने नाहीच. वर घाटमाथ्यावर कोसळतं आणि पंचगंगा-कृष्णेतून खाली येतं. शिरोळकराला जिल्ह्याची सरासरी कळून उपयोग नाही आणि स्वतःच्या तालुक्याचा पाऊस कळूनही फारसा नाही. त्याला राधानगरी-गगनबावड्याचा आकडा हवा, तोही आजचा.

आता आलेखांविषयी थोडं. क्लासवाले निकालाचे स्तंभ ९० टक्क्यांपासून काढतात, म्हणजे ९४ च्या शेजारी ९७ जवळजवळ दुप्पट उंच दिसतो. ही सरळ चलाखी आहे. पण 'स्तंभ शून्यापासून नाही, म्हणजे फसवणूकच' असा नियम करणारेही मला भेटतात, ते पटत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी शून्यापासून काढली तर ३९ फुटांचा इशारा आणि ४३ फुटांचा धोका यांतला फरक डोळ्यांत भरणारच नाही, आणि शहरात घरदार सोडायचं की नाही हे त्याच चार फुटांवर ठरतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ती रेघ शेजारी असली म्हणजे झालं. महाद्वार रोडवरच्या '५० टक्के अधिक २० टक्के' सवलतीबद्दल लिहीत नाही. ती सत्तर नसून साठच टक्के आहे, हे बायका दुकानात उभ्या उभ्या काढतात.

माझी मागणी साधी आहे. एफआरपीच्या बातमीखाली चार ओळींचा तक्ता द्यावा : सव्वादहा, अकरा, बारा आणि साडेबारा टक्के उताऱ्याला गेल्या वर्षी काय बसत होतं आणि यंदा काय बसतं. पावसाच्या बातमीत तालुकावार आकडे आतल्या पानाच्या कोपऱ्यात न टाकता जिल्ह्याच्या सरासरीच्या वर छापावेत. निकालाच्या जाहिरातींवर आपला इलाज चालणार नाही, हे समजतं. जाहिरातीवर पेपर चालतो.

उसाचा तक्ता दरवर्षी करून द्यायला मी तयार आहे. मानधन नको. फक्त छापताना दशांश चिन्ह जागेवर राहील एवढं बघा, ऊस बिलाच्या टेबलावर त्यावरून मारामाऱ्या झालेल्या आहेत.

आपला वाचक,
एक निवृत्त ऊस बिल कारकून,
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर