ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र: जातं कुणाचं होतं ते बघू द्या

मा. मंत्री महोदय,

मी मूळचा साताऱ्याकडचा, गेली ११ वर्षं केंब्रिजशायरमध्ये राहतोय. पत्र मराठीत लिहितोय कारण पोटतिडकीचं मराठीतच येतं, आणि इथली आपली मंडळीही वाचतील. तुमच्या १५ लाख नवी घरं बांधायच्या टार्गेटला माझा विरोध नाही, मी स्वतः भाड्याच्या खोल्यांत वर्षं काढलीत. मागणं एकच, जेसीबी लागायच्या आधी आर्किऑलॉजिस्टना खणू द्यायची अट सैल करू नका.

आमच्या जवळ नवी कॉलनी व्हायच्या आधी असं खोदकाम झालं, एका रविवारी लोकांना बघायला बोलावलं म्हणून मुलीला घेऊन गेलो. मातीत नुसते काळपट पट्टे, ते रोमन काळातल्या शेताचे चर, बाजूला धान्य वाळवायची भट्टी, खापरं, आणि ट्रेमध्ये जात्याचा वरचा दगड, अर्धा फुटलेला. मधे दाणे टाकायचं भोक, खालून झिजून गुळगुळीत, कडेला टाकीचे घाव अजून दिसत होते. माझी आजी जात्याला टाकी लावून घ्यायची ना, अगदी तसेच! सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी यावर गहू दळला, त्यांचं नाव कुठल्याच शिलालेखात नाही.

सोनं-चांदी निघाली तर १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, पण चर, भट्टी, फुटकं जातं यांना कोण विचारतं? त्यांना बहुतेक वेळा आधार फक्त प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या अटीचा, १९९० पासून ती नीट लागू झाली म्हणून तर रेडिंग विद्यापीठाला रोमन काळातल्या अडीच हजारांच्या आसपास खेड्यापाड्यांचा अभ्यास करता आला. ए-१४ हायवेच्या कामात ऑफर्ड क्लूनी या इथल्याच गावाजवळ रोमन काळातला एक तरुण सापडला, चरात एकटाच पुरलेला, सोबत काही नाही, मणीसुद्धा नाही. डीएनए काढला तर त्याचे पूर्वज पार काळ्या समुद्राकडचे. एवढ्या लांबून आलेलं पोर इथल्या शेतात मातीला मिळालं हे वाचून मला रात्री झोप लागेना. न खणता डांबर ओतलं असतं तर तो गेलाच होता.

म्हणून छोट्या साइट्सनाही सूट देऊ नका, कौन्सिलांना आर्किऑलॉजिस्ट ठेवायला पैसे द्या. आणि त्या कॉलनीत आता लोक राहायला आलेत, जातं मात्र कुठल्या तरी गोदामात खोक्यात पडलंय, ते तिथल्याच कम्युनिटी हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायचं बिल्डरच्या अटीतच घाला.

आपला,
केंब्रिजशायरमधला एक मराठी रहिवासी