आशाताईंच्या कागदावर एक प्रश्न वाढवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

२०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियानाचं शिबिर आमच्याकडे झालं. मी तासगाव तालुक्यातली, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळं नीट तपासलं. तिशीपुढच्या माणसांचा जो कागद आशाताई एरवी घरोघरी जाऊन भरतात, तोही तिथंच भरून घेतला. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न असतात. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, दोन पाळ्यांच्या मध्ये, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जातं का, अंगावरून घाण वासाचं जातं का. मी प्रत्येकाला ‘नाही’ म्हटलं, आणि प्रत्येक ‘नाही’ खरं होतं.

त्या वेळी मी प्लास्टिकच्या खुर्चीत एका मांडीवर भार टाकून बसले होते. सरळ बसलं की खाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. ते सहावं वर्ष होतं. आशाताई माझ्याच गल्लीतल्या, जिवाभावाच्या. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण कागदावर तो प्रश्नच नव्हता.

मला जे आहे त्याला वल्वोडिनिया म्हणतात. योनीच्या बाहेरच्या भागात, तोंडाशी, तीन महिन्यांहून जास्त काळ राहणारं दुखणं, आणि तपासून दुसरं स्पष्ट कारण सापडत नाही. जखम नसते, गाठ नसते. कुणाची लाल दिसते, कुणाची कातडी अगदी साधी दिसते. आग असते, टाचणी टोचल्यासारखं असतं, ओरखडा निघाल्यावर तिखट लागावं तसं झोंबतं. काहींना ते सतत असतं, काहींना फक्त स्पर्शाने : बसलं की, लघवीनंतर पुसलं की, संबंधाच्या वेळी.

मराठीत हे सांगायला बाईकडे शब्द नाही, ही यातली मोठी अडचण. ‘खाली दुखतंय’ म्हटलं की समोरचा पोट धरतो, नाहीतर कंबर. मग विचारतो, ‘पांढरं जातंय का?’ मला सुरुवातीला जात होतं. पहिल्या वेळी मिळालेलं हिरवं किट म्हणूनच बरोबर होतं. आपल्या खात्याला माहीत आहे, अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांचं हे पाकीट देतात. संसर्ग असेल तर त्याने गुण येतो. मलाही आला. पांढरं थांबलं, आग मात्र राहिली. तरी दुसरं किट मिळालं, तिसरं मिळालं, चौथं मिळालं. शेवटच्या दोन वेळी मला तपासणीच्या टेबलावर कुणी घेतलंच नाही. नाव, वय, तक्रार, पाकीट, पुढचा पेशंट. मी कोणत्याही केंद्राचं किंवा डॉक्टरचं नाव घेत नाही. बाहेरच्या बाकावर किती बाया बसलेल्या असतात ते मी पाहिलंय, आणि त्यांना हे कुणी शिकवलंही नव्हतं.

मधल्या काळात मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा लावल्या, त्यांनी कातडी पातळ झाली. जंतुनाशक टाकून धुतलं, मिठाच्या पाण्यात बसले. स्वच्छता कमी पडतेय असं वाटून दिवसातून चारदा साबण लावला. प्रत्येक उपायाने आग वाढली. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, ‘दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका.’ ही आग पिशवीत नव्हतीच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ज्या दुखण्याला नाव नाही, त्याच्यावर कुठलंही ऑपरेशन सुचवता येतं.

पतसंस्थेत माझं काम आठ तास बसून. तासगावच्या एका गादीवाल्याकडून मी मध्ये खोलगट भाग असलेली उशी शिवून घेतली. माकडहाड दुखतंय असं सांगितलं. ऑफिसातही तेच, सासूबाईंनाही तेच. एसटीने सांगलीला जायचं तर मी उभ्याने जायचे, रिकामी जागा दिसत असताना. नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसणं सोडलं. त्यांच्याशी संबंध जवळजवळ तीन वर्षं नव्हता. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हे माझं नशीब, आणि अशी गोष्ट नशिबावर असावी याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याच भावकीतली एक मुलगी लग्नानंतर चौथ्या महिन्यात माहेरी परत आली. ‘जवळ येऊ देत नाही’ एवढंच तिच्याबद्दल गावभर झालं. तिला काय होत होतं ते मला माहीत नाही. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मला नाव कळलं २०२३ मध्ये, पुण्यात. मिरज आमच्यापासून तासाभरावर. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात असं ते गाव. पण या दुखण्यासाठी कुणाकडे जायचं हेच ठाऊक नसेल तर जवळचं गावही लांबच. पुण्याला गेले ती बहिणीच्या ओळखीने.

त्या डॉक्टरबाईंनी जे केलं त्याला एक रुपयाचंही यंत्र लागलं नाही, म्हणून ते सविस्तर सांगते. आधी अर्धा तास ऐकलं. मग कापसाची काडी घेतली, कान साफ करायची असते तसली. योनीच्या तोंडाभोवती घड्याळाचे आकडे आहेत असं समजून एकेका ठिकाणी ती हळूच टेकवली आणि प्रत्येक वेळी विचारलं, ‘शून्य ते दहा, किती?’ वरच्या बाजूला दोन. खाली पाच, सहा, सात वाजण्याच्या जागी मी टेबलावरून उठूनच बसले. बुरशी नाही, हे तपासणीला नमुना पाठवून पाहिलं. मग एका बोटाने आतले स्नायू तपासले. म्हणाल्या, ‘तुम्ही इतकी वर्षं इथं मूठ आवळून बसलाय.’ मी रडले. दुखलं म्हणून नाही. कुणीतरी नेमकं त्या जागेवर बोट ठेवलं होतं.

उपचार सावकाश झाले. साबण बंद, फक्त पाणी, सुती कपडे. झोंबणाऱ्या जागी लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं मलम. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी, पुढे हळूहळू वाढवलेली. ही गोळी नैराश्यावर देतात. मेडिकलवाल्याने तसं म्हटल्यावर मला वाटलं, यांनीही मला वेड्यातच काढलं, आणि पंधरा दिवस मी ती घेतलीच नाही. मग फोनवर डॉक्टरबाईंनी समजावलं की कमी मात्रेत ती चेतातंतूंचं दुखणं शांत करते, तोंड कोरडं पडेल, सकाळी सुस्ती येईल, गुण यायला काही आठवडे लागतील. हे दोन मिनिटांचं बोलणं पहिल्याच दिवशी झालं असतं तर ते पंधरा दिवस वाया गेले नसते.

सगळ्यात जास्त गुण आला तो फिजिओथेरपीने. आवळलेले स्नायू सैल सोडायला शिकवलं, पोटात श्वास घेत, रोज वीस मिनिटं. बाळंतपणानंतर आवळण्याचा जो व्यायाम सांगतात, तो मी आपल्या मनाने दोन वर्षं करत होते. माझ्यासारख्या बाईला त्याने उलट त्रास वाढू शकतो. आठवर असलेलं माझं दुखणं आज दोन-तीनवर आहे. पूर्ण गेलेलं नाही. पण मी एसटीत बसते.

२००३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन भागातल्या बायकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे १६ टक्के बायकांनी आयुष्यात कधी ना कधी असं तीन महिन्यांहून जास्त दुखणं असल्याचं सांगितलं. जवळजवळ ४० टक्के कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. ज्या गेल्या, त्यांतल्या ६० टक्क्यांना तीन किंवा जास्त डॉक्टर करावे लागले. ही गोष्ट तिथली, जिथं बाई स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाते. आमच्या तालुक्यात बाई दवाखान्याला निघाली की सोबत कोण, हा पहिला प्रश्न असतो.

मंत्रिमहोदय, मी नवं रुग्णालय मागत नाही. आशाताईंच्या कागदावर एक ओळ वाढवा : ‘लघवीच्या किंवा पाळीच्या जागी आग, दुखणं किंवा खाज तीन महिन्यांहून जास्त आहे का?’ तो कागद केंद्र सरकारच्या कार्यक्रमातला आहे हे मला माहीत आहे. पण राज्याच्या सूचनेने एक पुरवणी ओळ जोडायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. आणि खात्याचं एक पत्रक निघू द्या की त्याच तक्रारीसाठी बाई तिसऱ्यांदा आली, तर तपासल्याशिवाय तिला पाकीट देऊ नये.

तपासणीचा आग्रह माझ्यासाठीच धरत नाही. माझ्या मावशीला साठीत खाली खाज सुरू झाली, कातडी पांढरी, कागदासारखी पडली. चार वर्षं बुरशीची औषधं चालली. तो लायकेन स्क्लेरोसस निघाला. त्याला कडक स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांच्या देखरेखीत लावावं लागतं, आणि दुर्लक्ष झालं तर थोड्या बायकांमध्ये त्या जागी पुढे कॅन्सरही होतो. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाची आग आणखी वेगळी, तिचं औषध वेगळं. तीन आजार, तीन उपचार, आणि बाईच्या तोंडी तक्रार एकच : ‘खाली आग होतेय.’ बघितल्याशिवाय हे वेगळं काढणार कसं?

अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि लिग्नोकेन दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर, उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या डॉक्टरांशी बोलू शकते. तिथं आठवड्यातून एक दुपार या दुखण्यासाठी ठेवता येईल. सांगली आणि साताऱ्याच्या सिव्हिलमधल्या एकेका महिला फिजिओथेरपिस्टला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं प्रशिक्षण द्या. ती पुढे इतरांना शिकवेल. खोलीला दार आणि दाराला कडी मात्र हवी. पडद्याआड हे होत नाही.

पत्राखाली मी नाव लिहिलेलं नाही. सासूबाईंना अजून माकडहाडच माहीत आहे, आणि मोठी मुलगी दहावीला आहे, शाळेत मुलं काय बोलतील ते मला ठाऊक आहे. नवऱ्याने हे पत्र वाचलंय. ‘उभ्याने एसटी’ची ओळ त्यांनीच घालायला लावली. आशाताईंचं पुढचं प्रशिक्षण सांगलीला होईल तेव्हा या विषयाला एक तास द्या. मी रजा काढून येईन, समोर उभी राहीन, आणि त्या बायकांना माझं नाव सांगेन.

आपली,
तासगाव तालुक्यातली एक कॅशियर