वडगावच्या कार्डवाल्या काकांना एका चित्रकला-विद्यार्थिनीचे आभारपत्र

आदरणीय काका यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पदविकेच्या अखेरच्या वर्षासाठी मी सादर केलेल्या प्रकल्पात, रिवाजाप्रमाणे, ऋणनिर्देशाचे एक पान आहे आणि त्यात आपला उल्लेख एका ओळीत उरकला आहे. आपल्याकडून जे शिकायला मिळाले ते त्या ओळीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र स्वतंत्रपणे आणि जाहीरपणे लिहीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील जी मुले आज टॅबलेटवर नक्षी रेखाटतात, त्यांना बेळगावच्या वडगावात यंत्रमागासाठी ग्राफ (चौकटींच्या कागदावर उतरवलेली नक्षी) काढून त्यानुसार मागाची कार्डे पंच करणारा, म्हणजे पुठ्ठ्यांना भोके पाडणारा, असा जाणकार माणूस आहे हे कळावे, हाही त्यामागचा हेतू आहे.

माझा विषय होता डिजिटल चित्रकार आणि सरफेस पॅटर्न डिझायनर, म्हणजे कापड, वॉलपेपर, वेष्टनाचा कागद यांवर छापण्यासाठी नक्षी तयार करणारे कलावंत. स्पूनफ्लॉवरसारख्या, 2008 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि मागणीनुसार कापड छापून देणाऱ्या कंपन्यांमुळे या क्षेत्रात आता घरबसल्या कुणालाही उतरता येते. त्यामुळे पाहण्यासारखे काम अमाप होते. त्यातले चांगले कोणते आणि नुसते देखणे कोणते, हे ठरवण्याची कसोटी मात्र माझ्या हाती नव्हती. ती आपण दिलीत.

आपण एक कोरा कागद घेतला, कडांना स्पर्श न करता मधोमध एक वेल काढलीत, आणि कात्रीने तो कागद उभा कापून डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून चिकटपट्टीने जोडलात. मग तोच कागद आडवा कापून वरचा भाग खाली आणि खालचा वर केलात. वेल चारही कोपऱ्यांत विभागली गेली, मधे रिकामी जागा उघडी पडली, आणि “आता ही भर, पण नंतर भरलेली दिसता कामा नये,” एवढेच सांगून आपण गिऱ्हाइकाशी बोलायला गेलात. फोटोशॉपमधील ऑफसेट फिल्टर नेमके हेच काम क्षणात करतो आणि मी तो वापरतही होते. परंतु जोड कुठे येतो आणि तो का लपवायचा असतो, हे कात्रीच्या त्या दोन कापांनी जसे समजले तसे पडद्यावर कधी समजले नव्हते. चित्राची परीक्षा मध्यावर होते, नक्षीची परीक्षा कडेला होते, हे माझ्या प्रकल्पाचे सूत्र तिथेच ठरले.

त्यानंतर मी आधी पाहिलेली सगळी उदाहरणे पुन्हा पाहिली. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या 1883 सालच्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ या छापील कापडात समोरासमोर बसलेले पक्षी सर्वांनाच आवडतात. मी मात्र या वेळी पक्षी सोडून पाने एका ठशातून दुसऱ्या ठशात कशी शिरतात ते पाहत राहिले. सगळे कापड आधी निळीत बुडवून हव्या त्या जागेचा रंग उतरवण्याची ती खटपटीची रीत होती, तरीही ठसा कुठे संपतो ते सहजी सापडत नाही. याउलट फिनलंडच्या माइया इसोला यांनी 1964 मध्ये तिथल्याच मारिमेक्को या कापड-कंपनीसाठी केलेल्या ‘उनिक्को’मध्ये फुले इतकी मोठी आहेत की आवर्तन लपवण्याची त्यांना गरजच वाटलेली नाही. इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 2012 पासून पॅटर्नची स्वतंत्र सोय आहे. त्यात स्तंभानुसार विटेची मांडणी निवडली की शेजारची उभी रांग निम्म्याने खाली सरकते. आपण साडीच्या काठाच्या वर बुट्ट्या तिरप्या का बसवता, हे विचारले तेव्हा आपण दिलेले उत्तर, म्हणजे सरळ रांगेत बसवल्या तर निरीच्या चुण्यांत पट्टे दिसतात, मला कोणत्याही शिकवणीच्या व्हिडिओत मिळाले नव्हते.

ग्राफचा भाग तर माझ्यासाठी संपूर्ण नवा होता. इंचात उभे 80 आणि आडवे 60 धागे असतील, तर 80 चौकटी रुंद आणि 80 चौकटी उंच काढलेला गोल मागावर इंचभर रुंद पण सव्वा इंचाहून उंच, अंड्यासारखा उतरतो, म्हणून कागदाच्या चौकटी मागाच्या मापानेच आखलेल्या हव्यात. जकार्डला, म्हणजे कार्डांनुसार उभे धागे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणेला, 240 हूक असतील तर नक्षीची रुंदी 240 किंवा त्याला पूर्ण भाग जाणाऱ्या आकड्यात, 120, 80, 60 अशी, संपली पाहिजे. आणि नक्षीसाठी घातलेला जादा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा न बांधता फार लांब मोकळा सोडला तर तो बांगडीत अडकतो. मी कसुती या भरतकामातील गोपुर आणि तुळशीवृंदावन घेऊन काठ रचला होता. “हे आधीच मोजून काढलेले आहे, याला त्रास नाही,” असे म्हणून आपण तो पटकन ग्राफवर उतरवलात, कारण कसुतीत नक्षी छापून न घेता कापडाचे धागे मोजूनच टाके घालतात. पण गोपुराच्या पायथ्याशी असलेल्या लांब सपाट पट्टीत एकाआड एक बिंदू टाकून धागा बांधून घेतलात. त्या बिंदूंनी पट्टीला जो हलका पोत आला, तो मी पुढे छपाईच्या फाइलमध्येही ठेवला, जिथे त्याची तांत्रिक गरज नव्हती.

एका बाबतीत माझे मत आपल्याहून वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने लिहिते. संगणकावर काम करणाऱ्यांना धाग्याची जाण येणार नाही, असे आपण म्हणालात. इलेक्ट्रॉनिक जकार्डला कार्डे लागत नाहीत, फाइल लागते. परंतु त्या फाइलमधला प्रत्येक ठिपका शेवटी धागाच उचलतो, त्यामुळे जाण नसेल तर माग ते लगेच दाखवून देतो. बेळगावातच जन्मलेले आणि चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे (1935–2022) जाहिरातींसाठी चित्रे काढत असताना अलंकरणाकडे तितक्याच गांभीर्याने पाहत आले. साधन बदलले म्हणून ती दृष्टी संपेल असे मला वाटत नाही. आपणासारख्यांनी ती दाखवली पाहिजे, एवढे खरे.

लग्नसराईच्या ऐन गर्दीत आपण वेळ दिलात, पंचिंगच्या यंत्राशेजारी स्टूल दिलेत, आणि कामगारांशी कानडीत चाललेले बोलणे मला अर्धवटच कळते हे पाहून प्रत्येक गोष्ट पुन्हा मराठीत सांगितलीत, याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. काकूंनी प्रत्येक वेळी चहा पाठवला, त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

आमच्या पुढच्या तुकडीतील काही मुलामुलींना आपल्याकडे ग्राफ पाहण्यासाठी यायचे आहे. माग बंद असतील असा एखादा दिवस आपण कळवलात तर त्यांना घेऊन येईन. येताना कसुतीच्या काठाचा छापील नमुनाही आणते, त्यातील वृंदावनाखालचा जोड आपण एकदा तपासून द्यावा.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक चित्रकला-विद्यार्थिनी